मका संपला की झाडावर चढतात

दादोंग रेम्पी अळी घेऊन आली, तेव्हा वार्तिनी ओट्यावर बसून नारळाच्या कोवळ्या पानांच्या परड्या विणत होती. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती आणि नैवेद्याच्या चाळीस परड्या संध्याकाळच्या आत व्हायच्या होत्या. मांडीपाशी पाचवीच्या न तपासलेल्या वह्यांचा गठ्ठा पडला होता. आत चुलीवर भात होता.

"बू गुरू, हातातलं ठेव जरा. हे काय आहे ते सांग."

गावाच्या शाळेत वार्तिनीला एकोणीस वर्षे झाली होती आणि लहानथोर सगळे तिला बू गुरू म्हणत, म्हणजे बाई. कुणाच्या अंगणात साप निघाला, कुणाला रानात न ओळखता येणारी अळिंबी मिळाली, तर ती आधी वार्तिनीच्या ओट्यावर यायची. या गोष्टीचा तिला अभिमान होता, आणि तो तिने कधी फारसा लपवलाही नव्हता. समोरच्या घरातली रेम्पी सत्तरी ओलांडलेली होती. तिला सबंध गाव दादोंग म्हणे. गावात आजीला हाच शब्द होता.

दादोंगने पोफळीची विरी, म्हणजे झावळीच्या देठाचे द्रोणासारखे रुंद साल, पुढे धरले. त्यात पानासकट एक अळी होती. ती वार्तिनीच्या मधल्या बोटापेक्षा लांब आणि अंगठ्याएवढी जाड होती. निळसर हिरव्या अंगावर मऊ काट्यांच्या रांगा होत्या आणि सगळे अंग तांदळाच्या पिठात घोळवल्यासारखे पांढरे दिसत होते. अगदी मागच्या पायांवर नारिंगी कडे होते. वार्तिनीने लाल पेन्सिलीच्या टोकाने तिला हलकेच ढकलले. अळीने पुढचे अंग उचलले, क्षणभर तसेच धरले आणि पुन्हा पानाला मिठी घातली. पेन्सिलीला थोडे पीठ लागले.

"लष्करी अळी," वार्तिनी म्हणाली. "पूर्ण वाढलेली. मक्यावर पडलीये ना सगळीकडे, तीच."

शेतकी खात्याचे पत्रक तिच्या मागच्या भिंतीवर लावलेले होते. त्यावर लष्करी अळीचे चित्र पानभर मोठे छापले होते.

"अगं, पण ही मक्यावर नव्हती," दादोंग म्हणाली. "लक्ष्मणफळावर होती. सात आहेत तिथं. मक्याकडे ढुंकूनही बघत नाहीत."

आत भात उतू गेल्याचा वास आला. वार्तिनी उठता उठता म्हणाली, "मका संपला की झाडावर चढतात."

हे तिने कुठे वाचले नव्हते, कुणाकडून ऐकलेही नव्हते. ते वाक्य तोंडातून बाहेर पडले त्याच क्षणी तयार झाले होते. चुलीवरचे झाकण काढताना तिच्या मनात एकदा येऊन गेले की हे खरे आहे का ते बघायला हवे. मग तिने भात ढवळला, आणि बाहेर आली तोवर दादोंग निघून गेलेली होती.

त्या वर्षी मक्याची पाने चाळणीसारखी झाली होती आणि सगळ्या गावाच्या तोंडी तोच विषय होता. शेतकऱ्यांच्या मंडळाचा प्रमुख कांतुन पौर्णिमेच्या पूजेला वार्तिनीला देवळाच्या पायऱ्यांवर भेटला आणि दादोंगने सांगितले ते खरे का, एवढेच त्याने विचारले. वार्तिनीच्या डोक्यावर नैवेद्याच्या फळांची उतरंड होती. तिने मान हलवता येत नसल्यामुळे "हो" म्हटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सभामंडपाच्या कर्ण्यातून कांतुनचा आवाज सगळ्या वाड्यावस्त्यांवर पसरला. "ऐका हो. मक्यावरची कीड आता झाडांवर गेलीये. लक्ष्मणफळ, दालचिनी, पेरू, सगळी झाडं बघा. हिरवी, पिठाळ, बोटाएवढी अळी. मका संपला की त्या झाडावर चढतात, असं बू गुरूंनी सांगितलंय. उद्या दुपारपर्यंत सगळ्या गोळा करून मंडपात आणा."

वार्तिनी तेव्हा शाळेच्या दारात मुलांची रांग लावत होती. आपलेच वाक्य एवढ्या मोठ्या आवाजात ऐकून तिला आधी बरे वाटले, मग रांगेतली मुले ती पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली. वाक्य आता तिच्या हातात राहिले नव्हते.

गावाने त्रेचाळीस अळ्या गोळा केल्या. घरात बाई गरोदर असेल तर त्या घराने जीव घ्यायचा नाही हा नियम होता, आणि दादोंगची सून लुह सारी आठव्या महिन्यात होती. म्हणून दादोंगच्या अळ्या न्यायला शेजारीण या नात्याने वार्तिनीच गेली. दादोंगने झाडाखाली उभे राहून सहा अळ्या तिच्या डब्यात मोजून टाकल्या.

"तू सात म्हणाली होतीस."

"मोजायला चुकले असेन. डोळे कुठं धड आहेत माझे."

मंडपात मोठ्या हंड्यात पाणी उकळत ठेवले होते. आपला डबा वार्तिनीने स्वतःच हंड्यात उपडा केला. अळ्या क्षणात पिवळट होऊन आखडल्या आणि त्यांच्या अंगावरचे पीठ सुटून पाण्यावर सायीसारखे पसरले. कांतुनची बायको म्हणाली, "शी, बटाट्याच्या कापांसारख्या दिसतात," आणि सगळे हसले. वार्तिनीही हसली. हे हसणे तिला नंतर पुष्कळ दिवस आठवत राहिले.

कीड म्हणून मारलेला जीव तसाच टाकून द्यायचा नसतो. त्याला माणसासारखेच वाटेला लावावे लागते, नाहीतर तो पुन्हा कीड होऊनच परत येतो. देवळाचे पुजारी जेरो मांकू यांनी सर्वांत मोठ्या सात अळ्या उन्हात वाळवून पांढऱ्या कापडात गुंडाळून ठेवल्या आणि बाकीच्या शेताच्या कडेला पुरायला सांगितल्या. गावाच्या पंचांगातला एक महिना उलटल्यावर, म्हणजे पस्तीस दिवसांनी, दहनाचा दिवस ठरला. त्या दिवशी ताडाच्या पानावर त्या जीवाचे नाव लिहून ते पान त्याच्याबरोबर जाळायचे होते. अग्नी ज्याला न्यायचे त्याला नावाने हाक मारतो. म्हणून ताडपत्रावरचे नाव नेमके लागते. "नाव काय लिहायचं ते बू गुरूंना विचारून घेईन," असे जेरो मांकूंनी सभेतच सांगून ठेवले होते.

दहनाला तीन दिवस उरले असताना सकाळी शाळेत निघालेल्या वार्तिनीला दादोंगने कुंपणावरून हाक मारली. "आत ये. आणि फाटक लावून घे."

धान्याच्या खोलीत भात निवत ठेवायची वेताची टोपली उपडी घातलेली होती आणि तिच्यावर पूजेतले पांढरे कापड होते. समोर छोट्या परडीत तीन फुले ठेवलेली होती. दादोंगने कापड उचलले.

टोपलीच्या विणीला धरून एक पाखरू बसले होते. पसरलेले पंख दोन तळहातांएवढे होते. त्यांचा रंग भाजक्या विटेसारखा तांबडा होता, मधोमध अभ्रकासारख्या पारदर्शक खिडक्या होत्या, आणि वरच्या टोकांना सापाच्या डोक्यासारखा बाक होता. त्याच्या शेजारी सुकलेल्या पानाची एक पुरचुंडी लोंबत होती आणि तिचे तोंड उघडे होते.

या पाखराची ओळख गावात कुणाला करून द्यावी लागत नव्हती. ते बारोंगचे पाखरू होते. देवळातल्या पेटीत गावाचे रक्षण करणारा जो मुखवटा राहतो, त्याचे. दरवर्षी पावसाची पहिली झड सरली की चारपाच पाखरे देवळाच्या कमानीवर येऊन बसत. त्यांना कुणी हात लावत नसे, त्यांच्यावर सावलीही पडू देत नसत. ती कुठून येतात असे विचारले तर लोक पेटीकडे बोट दाखवत. वार्तिनीनेही लहानपणी आईला विचारले होते आणि तिलाही तेच उत्तर मिळाले होते. मग ती शिक्षिका झाली. अंडे, अळी, कोश, फुलपाखरू हा धडा तिने एकोणीस वेळा शिकवला, आणि तो कमानीवरच्या पाखराला लावून बघावा असे तिला एकदाही सुचले नव्हते. देवाचे जे असते त्याच्याकडे टक लावून बघायचे नसते, हे तिच्या अंगात इतके मुरलेले होते.

"यंदा कमानीवर एकही आलं नाही," दादोंग हळू आवाजात म्हणाली. "मी रोज बघते जाऊन."

"सातवी अळी तू ठेवून घेतलीस."

"सगळ्याच द्यायला हात होईना. घरात पोर यायचंय. म्हटलं, एक तरी माझ्या हातून मरणाला जायला नको. टोपलीखाली ठेवली, पाला घातला. दोन दिवसांत तिनं स्वतःला पानात शिवून घेतलं. मला वाटलं मेली." दादोंगने कापड पुन्हा टाकले. "आज पहाटे खुडखुड ऐकू आली."

वार्तिनी जमिनीवर बसली. शाळेची पिशवी तिच्या खांद्यावरच राहिली.

"तू मला सांगितलं होतंस. मक्यावर नव्हती म्हणून."

"सांगितलं होतं खरं."

"मग मी म्हटल्यावर गप्प का राहिलीस?"

"तू शिकलेली," दादोंग म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि वार्तिनीला तेच जास्त लागले. "हे बघ, जे झालं ते झालं. तू बोलायचं नाही, मी बोलायचं नाही. तीन दिवसांनी लष्करी म्हणून जाळतील, सगळं निभेल. लोकांना कळलं की आपण काय मारलं, तर घराघरात रडारड होईल. माझी सून ऐकेल. तिला आत्ता असलं काही ऐकवायचं नाही."

वार्तिनीने त्या दिवशी काहीच केले नाही. शाळा सुटल्यावर घरी येऊन तिने भिंतीवरचे पत्रक काढले आणि पहिल्यांदा सगळे वाचले. चित्राखाली बारीक अक्षरांत लिहिलेले होते की पूर्ण वाढलेली लष्करी अळी साधारण चार सेंटीमीटर लांब असते. चित्र फक्त मोठे करून छापले होते. झाडावर चढण्याबद्दल पत्रकात एक अक्षर नव्हते.

त्या संध्याकाळी आणि पुढच्या संध्याकाळी ती दादोंगकडे जाऊन बसली. पाखरू मादी होते. तिचे पोट जड होते आणि दिवेलागणीच्या वेळी ती पोटाचे टोक बाहेर काढून, जराही न हलता, वाट बघत राहायची. दादोंगने खिडकी उघडी ठेवली होती. बाहेरून एकही पाखरू आले नाही. कुठून येणार होते, हे त्या खोलीत वार्तिनीइतके नेमके दुसऱ्या कुणाला माहीत नव्हते. त्यातली सहा तिने स्वतःच्या डब्यातून नेली होती.

त्यानंतरच्या सकाळी टोपलीच्या कडेला तांबूस, मसुराएवढ्या अंड्यांच्या रांगा लागलेल्या होत्या.

"अंडी घातली," दादोंग आनंदाने म्हणाली. "बघ, सगळं ठीक होतंय."

नर नसताना घातलेल्या अंड्यांतून काही निघत नाही, हे वार्तिनीला माहीत होते. ते तिने दादोंगला सांगितले नाही. तिथून ती तडक देवळाकडे गेली.

देवळाच्या मंडपात कांतुन बांबूच्या काड्या आणि रंगीत कागद घेऊन दहनाचा छोटा मनोरा बांधत होता. तो गुडघ्याएवढाच उंच होता, पण त्याला तीन छपरे होती. जेरो मांकू बाजूला ताडपत्र कापत बसले होते.

"या बू गुरू," कांतुन म्हणाला. "बघा, तुमच्या अळ्यांना माझ्या सासऱ्यापेक्षा देखणा मनोरा मिळतोय. म्हातारा वरून शिव्या घालत असेल मला."

"तो जिवंतपणीही घालायचाच," जेरो मांकू म्हणाले. त्यांनी लोखंडी लेखणी उचलली. "बरं झालं आलात. नाव सांगा. लष्करी, पुढे काय ते?"

"लष्करी नाही," वार्तिनी म्हणाली. येताना तिने वाक्ये जुळवून ठेवली होती, त्यांतले एकही आता आठवेना. "ती बारोंगची आहे. ती अळी. तिचंच ते पाखरू होतं. दादोंगकडे एक राहिली होती, तिच्यातून निघालंय. मी डोळ्यांनी बघितलंय."

कांतुनच्या हातातली काडी तशीच राहिली. जेरो मांकूंनी कापडात गुंडाळलेल्या सात अळ्यांच्या पुडीकडे पाहिले.

"पण तुम्हीच सांगितलं होतं," कांतुन म्हणाला. "मका संपला की..."

"हो. मीच."

"ते कुठल्या पुस्तकात होतं?" जेरो मांकूंनी विचारले. आवाज शांत होता.

"कुठल्याच नाही. मी बनवलं."

"का?"

वार्तिनीने उत्तर शोधले. जे सापडले ते इतके लहान होते की बोलायची लाज वाटली. "दादोंग समोर उभी होती. आत भात उतू जात होता. मला माहीत नाही, असं म्हणायचं राहून गेलं."

कोंबड्यांची पिल्ले मंडपात शिरून कागदाचे कपटे टोचू लागली. त्यांना कांतुनने हुसकलेही नाही.

"कर्ण्यावर मी बोललो," शेवटी तो म्हणाला. "तुमचं काय, तुम्ही ओट्यावर बोललात. अजून लोक मला विचारतात, कांतुन, बू गुरूंनी तसंच सांगितलं ना? मी म्हणतो, त्यांनी सांगितलं म्हणजे झालं. आता मी कुठल्या तोंडानं जाऊ त्यांच्यापुढं?"

"तुमच्याऐवजी मी जाते."

"जालच. पण माझा आवाज त्यांच्या कानात गेलाय तो गेलाय."

जेरो मांकूंनी लेखणी खाली ठेवली.

"उद्या दहन होईल," ते म्हणाले, "पण कीड म्हणून नाही. घरचं माणूस म्हणून होईल. आधी देवाची क्षमा मागावी लागेल, ती सगळे मागतील, कारण हात सगळ्यांचे होते. दादोंगच्या सुनेला मी स्वतः आधी सांगून येईन. पण ते वाक्य सगळ्यांचं नाही, बू गुरू. ते तुमचं आहे. कर्ण्यावरून गेलंय, तर कर्ण्यावरूनच परत घ्या." मग त्यांनी ताडाचे पान आणि लेखणी तिच्यापुढे सरकवली. "आणि हे नाव तुम्हीच लिहा. मुलांना अक्षर तुम्हीच शिकवता."

पानावर दाब कमी पडला तर अक्षर उमटत नाही आणि जास्त पडला तर पान फाटते. वार्तिनीची दोन पाने फाटली. तिसऱ्यावर बारोंगच्या पाखराचे नाव उमटले.

दुसऱ्या दिवशी ती कर्ण्याच्या माइकसमोर उभी राहिली तेव्हा सभामंडपात शेदोनशे माणसे होती. ती थोडक्यात बोलली. "मका संपला की त्या झाडावर चढतात, असं मी सांगितलं होतं. ते खोटं आहे. त्या पहिल्यापासून झाडावरच्याच असतात. मी न बघता बोलले. आपण मारल्या त्या बारोंगच्या पाखराच्या अळ्या होत्या." आपला आवाज टेकड्यांना लागून परत येताना तिने ऐकला. खाली बसलेल्यांत एक बाई हुंदका देऊ लागली. मागून कुणीतरी म्हणाले, "आणि आमची पोरं हिच्याकडे शिकतात." दुसऱ्या कुणीतरी त्याला गप्प केले, पण ते तिने ऐकले होते.

मादी आदल्या संध्याकाळीच थकून टोपलीवरून गळून पडली होती. दादोंगने तिला मंडपापुढच्या अंगणात उभ्याउभ्या जेरो मांकूंच्या ओंजळीत दिले, आणि त्यांनी तिला पुडीतल्या सातांशेजारी मनोऱ्यात ठेवले. मंडपाच्या दाराशी लुह सारी दोन्ही हातांनी पोट धरून उभी होती. ती रडत नव्हती. ती फक्त वार्तिनीकडे बघत होती.

अंड्यांची टोपली वार्तिनीने मागून घेतली. निघणार काही नाही हे माहीत असूनही ती रोज शाळेत जाण्याआधी आणि आल्यावर तिच्याकडे बघायची. बाराव्या दिवशी अंडी मधोमध बसली, पिचलेल्या मसुरासारखी. तिने ती टोपली धुतली आणि दादोंगला नेऊन दिली. दादोंगच्या मांडीवर तेव्हा सहा दिवसांची नात होती.

"बघ, कशी धडधाकट आहे," दादोंग म्हणाली. "मी मारलं नाही ना, म्हणून." बोलून झाल्यावर तिला आपण काय बोललो ते कळले असावे. तिने बाळाच्या अंगावरचे फडके उगीच सारखे केले. वार्तिनी म्हणाली, "नाक तुझं आहे," आणि तिथे आणखी थोडा वेळ बसली.

त्यानंतर ती रोज सकाळी अर्धा तास आधी निघू लागली. वाटेवरच्या प्रत्येक लक्ष्मणफळाची, पेरूची, दालचिनीची पाने ती खालून उलटून बघायची. सुरुवातीला लोक कुंपणावरून विचारत, "सापडली का, बू गुरू?" आणि विचारताना आपसांत बघून हसत. ती म्हणायची, "नाही अजून." पुढे हसणे थांबले. प्रश्न तेवढा राहिला, जसे कुणी जेवलात का विचारावे तसा. आता तिच्या ओट्यावर अळिंबी घेऊन कुणी येत नव्हते. ते वरच्या आळीतल्या औषधवाल्याकडे जात.

सात महिने झाले. एका सुटीच्या सकाळी कांतुनची स्कूटर तिच्या फाटकाशी थांबली. तो उतरला नाही. दहनानंतर तो तिच्याशी कामापुरते बोलत होता, तेही दुसऱ्या कुणाच्या मार्फत.

"वरच्या गावात दालचिनीवर एक आहे म्हणतात," तो समोर बघतच म्हणाला. "हिरवी, पिठाळ. ते लोक मारायला निघालेत. मी म्हटलं, थांबा दोन तास." मग त्याने तिच्याकडे पाहिले. "तीच आहे का, ते सांगाल?"

"बघितल्याशिवाय नाही सांगणार."

"मीही कर्णा आणलेला नाही," कांतुन म्हणाला आणि मागची जागा रुमालाने पुसली.

वार्तिनी फाटकापर्यंत आली. मग "एक मिनिट" म्हणून परत आत गेली आणि टेबलावरची शाळेतली लाकडी मोजपट्टी घेऊन आली.